वडिलांच्या मालमत्तेवर भावाची नेमणूक झाली. अपील कुठे आणि कशावर करायचं?

प्रश्न असा आला आहे: वडील ७८ वर्षांचे, निवृत्त, स्मृतिभ्रंशाचे उपचार चालू. नागपुरात स्वतःचं घर, काटोलकडे संत्र्याची बाग, पेन्शन आणि काही मुदत ठेवी. मोठ्या भावाने नागपूरच्या जिल्हा न्यायालयातून वडिलांच्या मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली. पुण्यात राहणाऱ्या बहिणीला नोटीस आली नाही. ऑर्डर झाल्याचं तिला बँकेत गेल्यावर कळलं. तिला अपील करायचं आहे. कुठे, किती दिवसांत, कशाच्या आधारावर, आणि तोवर दादाने बाग विकली तर काय, असे चार प्रश्न.

ताई, चौथ्या प्रश्नातली भीती खोटी नाही आणि त्यावर इलाजही आहे, तो पुढे येईल. पण आधी ऑर्डरची प्रमाणित नक्कल काढा. ऑर्डर कोणत्या कायद्याखाली झाली हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि अपील कुठे करायचं हे त्यावरच ठरतं. तुम्ही प्रकरणात पक्षकार नव्हता, त्यामुळे नक्कल विभागात त्रयस्थ म्हणून अर्ज करावा लागेल आणि नक्कल का हवी ते शपथपत्रावर सांगावं लागेल. सख्खी मुलगी हे कारण पुरेसं आहे. फक्त ऑर्डर घेऊन परत येऊ नका. मूळ अर्ज, त्यासोबतचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, भावाचं शपथपत्र, नोटीस बजावल्याचा अहवाल आणि संपूर्ण रोजनामा मागा. ऑर्डर वाचून प्रकरण जसं दिसतं तसं ते रोजनाम्यात क्वचितच असतं. किती तारखा पडल्या, वडिलांना न्यायाधीशांसमोर आणलं का, डॉक्टरांची साक्ष झाली की कागद नुसताच दाखल झाला, हे सगळं रोजनाम्यातच सापडतं.

आता कायदा. माणूस आपली मालमत्ता सांभाळू शकत नाही म्हणून दुसऱ्याला नेमा, असं सांगणारा सरळ कायदा आपल्याकडे पूर्वी होता. आधी १९१२चा लुनसी (म्हणजे वेडेपणाविषयीचा) कायदा, मग १९८७चा मानसिक आरोग्य कायदा. १९८७च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाने रीतसर चौकशी करायची, माणूस स्वतःलाही सांभाळू शकत नाही की फक्त मालमत्ता सांभाळू शकत नाही याचा निष्कर्ष द्यायचा, पालक आणि व्यवस्थापक अशी दोन वेगळी माणसं नेमता यायची, व्यवस्थापकाने बंधपत्र, मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा, आणि ऑर्डर पटली नाही तर उच्च न्यायालयात अपिलाची सोय होती. २९ मे २०१८ला २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू झाला, जुना कायदा रद्द झाला आणि त्याच्याबरोबर मालमत्तेचं हे अख्खं प्रकरण गेलं. नव्या कायद्यात उपचारांचे हक्क आहेत, नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, आढावा मंडळ आहे. मालमत्तेचा व्यवस्थापक नाही.

ही पोकळी वेगवेगळ्या वाटांनी भरली गेली. माणूस कोमात असेल तर कुटुंबीय घटनेच्या अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे थेट याचिका, करतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२०मध्ये रजनी हरिओम शर्मा प्रकरणात कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं, तेव्हापासून त्या निकालाचा आधार घेतला जातो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. अल्पवयीन मुलांसाठी १८९०चा पालक आणि पाल्य कायदा आहे, आणि त्याच्या कलम ४७मध्ये उच्च न्यायालयात अपील स्पष्ट शब्दांत दिलं आहे. आणि तुमच्या वडिलांसारख्या माणसासाठी, म्हणजे आजाराने स्मरण आणि निर्णयशक्ती ढासळलेल्या वृद्धासाठी, जिल्हा न्यायालयाकडे जाण्याची आजची वाट बहुधा २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ची. तुमची ऑर्डर त्याखालीच असावी असा माझा अंदाज. ऑर्डरमध्ये 'व्यवस्थापक' हा जुन्या कायद्यातला हुद्दा आला आहे, यावरून अर्ज जुन्या नमुन्यावर बेतला असण्याची शक्यता आहे. २०१८नंतरच्या अर्जांतही १९८७ची कलमं तशीच टाकलेली मी पाहिली आहेत. तसं असेल तर रद्द झालेल्या कायद्याखाली अधिकार वापरला हाच तुमचा पहिला मुद्दा.

कलम १४ नीट वाचलं पाहिजे, कारण तुमचं प्रकरण त्यातच जिंकलं किंवा हरलं जाणार आहे. हे कलम सरसकट पालकत्व देत नाही, मर्यादित पालकत्व देतं. त्याची व्याख्या कलमातच आहे: पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने मिळून निर्णय घ्यायचा, तोही ठरावीक मुदतीपुरता, ठरावीक निर्णयापुरता, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. शिवाय आधी पुरेसा आणि योग्य आधार देऊन पाहिला आणि तरीही ती व्यक्ती कायद्याने बंधनकारक निर्णय घेऊ शकली नाही, असं दिसलं तरच नेमणूक. संपूर्ण आधार लागणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा मर्यादित पालकत्व द्यावं लागणाऱ्या माणसाला संपूर्ण आधार देता येतो, पण मग त्या निर्णयाचा न्यायालयाने आढावा घ्यायचा. कलम १४च्या दुसऱ्या पोटकलमाने तर दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली नेमलेला पालकसुद्धा मर्यादित पालक म्हणूनच काम करेल असं ठरवून टाकलं आहे.

आता तुमच्या ऑर्डरवर हे ठेवून पाहा. या प्रकारच्या ऑर्डरींमध्ये शेवटचा परिच्छेद बहुतेक एकाच साच्यातला असतो: अर्जदाराची अमुक यांच्या सर्व स्थावर-जंगम मालमत्तेसाठी नेमणूक करण्यात येते, त्यांना सर्व व्यवहार करण्याचा अधिकार राहील. मुदत नाही, कोणता निर्णय ते नाही, आढाव्याची तारीख नाही, हिशेबाचा उल्लेख नाही. अशी ऑर्डर कायद्याच्या शब्दांतच बसत नाही. दादा चांगला की वाईट हा वाद न घालता ती पाडता येते, निदान छाटता तरी येते. तुम्ही पत्रात चार परिच्छेद दादाच्या स्वभावावर लिहिले आहेत. त्यातलं अपिलात एक ओळही उपयोगी नाही असं नाही, पण ते मागच्या बाकावर बसवा. उच्च न्यायालय भावाबहिणींत लाडकं कोण ते ठरवायला बसत नाही. खालच्या न्यायालयाने कायद्याची चौकट पाळली का, एवढं ते बघतं.

अपील कुठे, यात एक अडचण आहे. कलम १४च्या तिसऱ्या पोटकलमात अपील दिलं आहे, पण ते पदनिर्देशित प्राधिकाऱ्याच्या (जिल्हा न्यायालयाऐवजी राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्याच्या) निर्णयाविरुद्ध, राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, आणि ते करायचा हक्क दिव्यांग व्यक्तीला. नेमणूक जिल्हा न्यायालयाने केली असेल तर त्याविरुद्ध अपिलाबद्दल हे कलम काही बोलत नाही. म्हणून अशा ऑर्डरीला आव्हान देताना माझा कल अनुच्छेद २२७खाली नागपूर खंडपीठात रिट याचिका करण्याकडे असतो. ऑर्डरमध्ये ज्या कायद्याचा उल्लेख आहे त्यात अपील असेल, उदाहरणार्थ १८९०चा कायदा, तर मात्र रिटऐवजी अपीलच करावं लागेल; उपलब्ध अपील सोडून रिट केली तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो आक्षेप घेतो. नेमणूक उच्च न्यायालयानेच २२६खाली केली असेल तर चित्र वेगळं. त्या याचिका सहसा दोन न्यायमूर्तींच्या पीठासमोर चालतात, त्यामुळे त्याच पीठाकडे ऑर्डर बदलण्याचा अर्ज किंवा पुनर्विलोकन, आणि त्यापुढे सर्वोच्च न्यायालयात ९० दिवसांत विशेष अनुमती याचिका. राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीची नेमणूक असेल तर गैरवर्तणुकीसाठी पालक हटवण्याचा अर्ज त्याच समितीकडे कलम १७खाली करता येतो, आणि मूळ नेमणुकीलाच आव्हान द्यायचं तर रिट.

याचिका कोणाच्या नावाने? तुमचा पहिला विचार 'माझ्या नावाने' असा असणार. मी दोन्ही नावं घेईन. पहिले याचिकाकर्ते वडील, तुमच्यामार्फत. दुसऱ्या तुम्ही स्वतः. हक्क वडिलांचा आहे, तो गमावला गेला आहे, आणि कायदा त्यांच्याच तक्रारीला महत्त्व देतो. तुम्ही पक्षकार नव्हता म्हणून तुमच्या नावापुरती न्यायालयाची परवानगी मागावी लागेल. बाधित व्यक्तीला ती मिळते. वडिलांशी बोलता येत असेल तर सही घेण्याआधी त्यांना समजेल अशा शब्दांत, शक्य तितक्या वेळा, काय चाललं आहे ते सांगा. ते 'मला दोघंही नको, माझं मी बघतो' म्हणाले तर तेही याचिकेत लिहा. अशा वाक्याने याचिका कमकुवत होत नाही. उलट, त्यांना काहीतरी कळतं आहे आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, हे त्यातून दिसतं.

मुदतीचं थोडक्यात. रिटला ठरलेली मुदत नाही, पण उशीर खपत नाही. अपिलाची मुदत कायद्यागणिक बदलते. तुम्ही ३० दिवस धरून चाला, म्हणजे कुठेच अडचण येणार नाही. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ने वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवर आहे ना ते घेतानाच बघा. ३० दिवस उलटून गेले असतील तर कलम ५खाली उशीर माफीचा अर्ज जोडायचा. तुम्हाला ऑर्डर कधी कळली याचा पुरावा इथे कामी येतो: बँकेत गेलात त्या दिवशीची पावती, बँकेने दिलेलं पत्र, शाखेला पाठवलेला ईमेल. 'मला माहीत नव्हतं' एवढं तोंडी पुरत नाही.

एक पर्याय लोक विसरतात. नोटीस न देता ऑर्डर झाली असेल तर त्याच जिल्हा न्यायालयात ती मागे घेण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज करता येतो. वडिलांच्या दुसऱ्या मुलाबाळांची नावं अर्जात लपवली असतील, 'मी एकुलता वारस' किंवा 'इतरांची संमती आहे' असं शपथपत्रावर लिहिलं असेल, तर मी आधी हाच दरवाजा ठोठावतो. न्यायाधीशांनाही आपल्यापासून गोष्ट लपवली गेली हे आवडत नाही. खंडपीठात अंतिम सुनावणीला प्रकरण यायला वेळ लागतो. खाली दुरुस्ती लवकर होऊ शकते. पण ऑर्डरचा पायाच चुकीच्या कायद्यावर असेल तर वेळ न घालवता वर जा.

आता वैद्यकीय कागद. बहुतेक ऑर्डरी इथेच ठिसूळ असतात. 'स्मृतिभ्रंश आहे' असं प्रमाणपत्र म्हणजे 'मालमत्ता सांभाळू शकत नाही' असा निष्कर्ष नव्हे. २०१७च्या कायद्याच्या कलम ३मध्ये स्पष्ट आहे की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्याने माणूस विकल मनाचा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केल्याशिवाय. प्रमाणपत्रात निदान आणि औषधं एवढंच असेल तर विचारायचं: वडिलांना आपली मालमत्ता कोणती ते सांगता येतं का, मुलं किती ते आठवतं का, बाग विकली तर काय होईल हे कळतं का, यातलं डॉक्टरांनी काय तपासलं? बऱ्याचदा एमएमएसई या स्मरण-आकलन तपासणाऱ्या ३० गुणांच्या चाचणीचा एक आकडा लिहिलेला असतो. तो आकडा शिक्षणावर, भाषेवर, ऐकू येण्यावर अवलंबून असतो. कानाला यंत्र न लावता, हिंदीत प्रश्न विचारून मराठी माणसाचे काढलेले गुण काय सांगणार? आणि प्रमाणपत्राची तारीख बघा. वडील त्या काळात रुग्णालयात होते का? म्हातारपणात लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम खाली गेलं तरी माणूस काही दिवस पूर्ण भ्रमात जातो आणि उपचारांनी बराच सावरतो. भरती असतानाचं प्रमाणपत्र कायमच्या नेमणुकीचा आधार होऊ शकत नाही. रुग्णालयातल्या नोंदी मागवा आणि तारखा जुळवा. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी गोंधळ वाढतो हेही डॉक्टर सांगतात. तपासणी किती वाजता झाली हा प्रश्न त्यामुळे पोरकट नाही.

यावर मागायचं काय? नव्याने तपासणी, एका डॉक्टरची नव्हे तर मंडळाची. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं मेडिकल, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांकडून अहवाल मागवण्याचा आदेश मागता येतो. आणि २०१७च्या कायद्याच्या कलम १०५ने न्यायालयीन कामकाजात मानसिक आजाराचा पुरावा आला आणि दुसऱ्या पक्षाने त्याला आव्हान दिलं, तर तो पुढील छाननीसाठी आढावा मंडळाकडे पाठवायचा असतो. खाली तुम्ही नव्हताच, त्यामुळे आव्हान देणारं कोणी नव्हतं. नोटीस न दिल्याने नुकसान काय झालं हे विचारलं की हेच उत्तर द्यायचं. याशिवाय न्यायाधीशांनी वडिलांशी स्वतः दोन शब्द बोलून पाहिलं का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम १५मध्येही मनाच्या दुबळेपणाबद्दल न्यायालयाने चौकशी करून निष्कर्ष काढायचा असतो. चेंबरमध्ये बसवून, चहा देऊन, दहा मिनिटं बोललेले न्यायाधीश मी पाहिले आहेत, आणि त्या दहा मिनिटांनी प्रकरणं फिरलेलीही पाहिली आहेत.

हितसंबंधांचा मुद्दा तुम्ही पत्रात मोठा केला आहे: दादा बागेच्या शेजारची जमीन स्वतः कसतो, त्याला बाग स्वतःच्या नावावर हवी आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम १३प्रमाणे एखाद्या आर्थिक व्यवहारात आधार देणाऱ्याचा आणि दिव्यांग व्यक्तीचा हितसंबंध आडवा येत असेल तर त्या व्यवहारापुरतं आधार देणाऱ्याने दूर राहायचं. पण त्याच कलमात हेही आहे की रक्ताचं नातं आहे एवढ्यावरून हितसंबंध आडवा आला असं गृहीत धरायचं नाही. म्हणून 'मुलगा आहे, त्याला वाटा हवा आहे' हे चालणार नाही. 'अमुक गट नंबरची जमीन स्वतःच्या नावावर करण्याचा करार त्याने अमुक तारखेला केला' हे चालेल.

आणि इथेच एक कडू गोष्ट. हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. वडिलांची बाग त्यांच्या स्वकष्टाची असेल तर ते हयात असताना तुमचा किंवा दादाचा तिच्यात कसलाही हिस्सा नाही, आणि 'माझा वाटा धोक्यात' हे याचिकेत लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. बाग वडिलोपार्जित असेल तर गोष्ट वेगळी: २००५च्या दुरुस्तीने आणि विनीता शर्मा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२०च्या निकालाने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार, आहे. मग तुमचा हिस्सा ही वडिलांची मालमत्ताच नाही, आणि दादाची नेमणूक त्यावर चालत नाही. पण तो वाटणीचा दावा आहे, वेगळा करा. दोन्ही एका याचिकेत घातले की न्यायालयाला हे वडिलांचं प्रकरण दिसत नाही, वाटणीचं भांडण दिसतं.

आता तुमची खरी काळजी, अंतरिम आदेश. पुष्कळ जण संपूर्ण ऑर्डरला स्थगिती मागतात. मी तसं मागत नाही. स्थगिती मिळाली तर त्या दिवसापासून बँकेत सही कोण करणार? वडिलांची रात्रीची आया, औषधं, डॉक्टर, घरपट्टी, बागेला पाणी देणाऱ्याची मजुरी हे कोण देणार? न्यायालय हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारतं आणि तुमच्याकडे उत्तर नसेल तर काहीच मिळत नाही. त्याऐवजी मागायचं: याचिकेचा निकाल लागेपर्यंत कोणतीही स्थावर मालमत्ता विकायची नाही, गहाण ठेवायची नाही, बक्षीसपत्र करायचं नाही, दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची नाही, मुदत ठेवी मुदतीआधी मोडायच्या नाहीत, दर महिन्याला खर्चासाठी ठरावीक रक्कम काढता येईल, त्याहून जास्त लागली तर न्यायालयाची परवानगी, आणि आजवरच्या व्यवहारांचा हिशेब ठरावीक दिवसांत दाखल करायचा. अशा मागणीला नाही म्हणायला दादाच्या वकिलाला कारण सापडत नाही. त्याने कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा आगाऊ अर्ज) टाकलं असेल तर तुम्हाला एकतर्फी काही मिळणार नाही, पण असा आदेश समोरासमोरही मिळतो.

बागेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घराची विक्री रजिस्ट्रीत दिसते आणि बागेतला पैसा दिसत नाही. संत्र्याची बाग आंबिया आणि मृग अशा बहरांवर चालते. पुष्कळ बागाईतदार फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उभी बाग देऊन टाकतात, तोडणीही व्यापारीच करतो. सौदा तोंडी, इसार रोख. व्यवस्थापकाने बहर विकणं हा नेहमीचा कारभार आहे, त्याला परवानगी लागावी असा आग्रह धरू नका. हरतील ते मुद्दे घेऊन जाऊ नका. पण सौदा लेखी हवा, पैसे वडिलांच्या खात्यात बँकेतूनच यावेत, आणि त्या हंगामातले दर काय होते त्याचा कागद हिशेबाला जोडावा, हे मागा. कळमन्याच्या बाजार समितीतले त्या दिवसांचे भाव ताडून बघता येतात. जमीन मक्त्याने दुसऱ्याला कसायला देणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती वर्षानुवर्षं चालली की कसणारा विदर्भासाठीच्या १९५८च्या कूळकायद्याचा आधार घेऊन हक्क सांगू लागतो, आणि तो वाद दादाच्या कारकिर्दीनंतरही उरतो. म्हणून मक्त्यावर स्पष्ट मनाई मागा. सातबाऱ्यावर पीकपाहणीत कोणाचं नाव लागलं आहे ते आत्ताच काढून ठेवा.

मनाई मिळाली की तिची प्रमाणित प्रत बँकेच्या शाखेला, दुय्यम निबंधकाला, तलाठ्याला आणि घराचा प्लॉट सुधार प्रन्यासच्या लीजवर असेल तर तिथल्या कार्यालयालाही देऊन पोच घ्या. आदेश फाइलमध्ये राहिला आणि रजिस्ट्री होऊन गेली असं होऊ देऊ नका.

अपील आणि हटवण्याचा अर्ज यांतला फरकही इथेच सांगतो, कारण तुमच्या पत्रात दोन्ही मिसळले आहेत. नेमणुकीच्या दिवशी न्यायालयासमोर जे होतं, किंवा असायला हवं होतं आणि नव्हतं, त्यावर ऑर्डरला आव्हान द्यायचं. नेमणुकीनंतर दादाने पैसे उडवले, हिशेब दिला नाही, वडिलांना भेटू दिलं नाही, या गोष्टी नेमणूक करणाऱ्या न्यायालयाकडे त्याला हटवण्याच्या किंवा अटी घालण्याच्या अर्जात जातात. नंतरच्या घटना वरच्या न्यायालयात सांगता येतात, पण अंतरिम आदेशाची निकड दाखवण्यापुरत्या. त्यांच्यावरच याचिका उभी केली तर 'खाली जा' असं सांगून ती निकाली निघते, आणि तोवर महिने गेलेले असतात.

अखेरीस काय मागावं याबद्दल माझं मत तुमच्या मतापेक्षा वेगळं आहे. दादाच्या जागी तुम्ही, ही मागणी कमी वेळा यशस्वी होते. तुम्ही पुण्यात, वडील नागपुरात, दादा रोज घरात. न्यायालय हे बघणारच. दोघांची संयुक्त नेमणूक, ठरावीक रकमेवर दोघांच्या सह्या, चार्टर्ड अकाउंटंटकडून वर्षाचा हिशेब, स्थावर मालमत्तेच्या प्रत्येक व्यवहाराला न्यायालयाची आगाऊ परवानगी, नेमणुकीला मुदत आणि आढाव्याची तारीख, हे मागितलं तर मिळण्याची शक्यता जास्त. विश्वास पूर्ण उडाला असेल तर मालमत्तेपुरता तिऱ्हाईत माणूस, एखादा निवृत्त अधिकारी किंवा वकील, सुचवा. वडिलांची सेवा दादाकडेच राहू द्या. सेवा आणि तिजोरी वेगळी करायची ही कल्पना जुन्या १९८७च्या कायद्यात होतीच.

दादाशी तडजोड झाली, आणि पुष्कळदा ती खंडपीठाच्या मध्यस्थीत होते, तर एक लक्षात ठेवा. वडिलांच्या वतीने केलेली तडजोड न्यायालयाने परवानगी दिल्याशिवाय टिकत नाही. आदेश ३२ नियम ७ तसं सांगतो. तुम्ही दोघांनी घरी बसून स्टॅम्पपेपरवर बाग वाटून घेतली तर तो कागद पुढे वडिलांच्या वतीने रद्द करून घेता येईल. वडिलांनी आजारापूर्वी दादाला दिलेलं आममुखत्यारपत्र असेल तर त्याचंही तेच: मुखत्यारपत्र देणारा विकल मनाचा झाला की करार कायद्याच्या कलम २०१ने अधिकार संपतो. ते दाखवून ऑर्डरनंतर काही व्यवहार झाला असेल तर तो वेगळा तपासावा लागेल.

वकिलाच्या खर्चाचंही सांगतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२प्रमाणे स्त्रियांना आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. खंडपीठातच उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे, जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण. तिथे दिलेले वकील कमी प्रतीचे असतात हा समज सोडा.

आणि दादाने आधीच काही विकलं आहे का, हे कळायला याचिकेची वाट बघू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाचं नाव, वर्ष आणि गट नंबर किंवा घराचा तपशील टाकून नेमणुकीच्या तारखेपासूनचे दस्त आजच बघा, तलाठ्याकडे फेरफार नोंदवही बघा. काही सापडलं तर त्या दस्ताची सूची दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) काढा आणि खरेदी घेणाऱ्यालाही याचिकेत पक्षकार करा. नाहीतर उद्या तो 'मला कोणी विचारलंच नाही' म्हणून उभा राहील, आणि त्याचंही बरोबर असेल.